पहिला भिडू कोणता घ्यावा?

लहानपणी आपण सगळ्यांनी भिडू वाटून घेतले आहेत. शाळा सुटली की पोरे मैदानावर जमत. दोन कप्तान ठरत. खापराच्या तुकड्याला एका बाजूने थुंकी लावून तो वर उडवायचा आणि ‘ओलं की सुकं’ म्हणायचे. जो जिंकेल तो पहिला भिडू मागून घेणार, मग दुसरा कप्तान, मग पुन्हा पहिला. अशी पाळी चालायची. सगळ्यांत आधी कुणाचे नाव येणार हे सर्वांना ठाऊक असे आणि शेवटी कोण उरणार हेही ठाऊक असे. मधल्या नावांवरून मात्र कप्तानाची अक्कल कळायची. बॅट ज्याची असेल त्याला लवकर घ्यावे लागे, ती गोष्ट निराळी!

मी जालना जिल्ह्यात बरीच वर्षे क्रीडाशिक्षक होतो. भिडू वाटण्याचा हा खेळ मुलांनी केलेला पाहिला आणि संघ निवडताना स्वतःही केला. अमेरिकेत हाच प्रकार कोट्यवधी डॉलर लावून चालतो. त्याला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. बेसबॉलचे व्यावसायिक संघ दरवर्षी शाळा-कॉलेजांतून पुढे आलेली हौशी मुले पाळीपाळीने निवडून घेतात. ज्या संघाला सुरुवातीची पाळी मिळते, त्याच्यापुढे कोणकोणते मार्ग असतात, त्यांतला कोणता बरा आणि त्याचा आपल्या जालन्याच्या मैदानाशी काय संबंध, एवढेच आज सांगायचे आहे.

आपल्याकडे लोकांना लिलाव चांगला कळतो. मोंढ्यात माल येतो, बोली लागते, ज्याची बोली मोठी त्याचा माल. आयपीएलचा लिलावही तसाच. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. तुमच्या पाळीला जो शिल्लक असेल त्यातला एक तुम्ही उचलायचा. त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मग तुमचा. दुसऱ्या संघाने जास्त पैसे देऊन त्याला पळवायचे नाही.

ही पद्धत बेसबॉलमध्ये १९६५ साली आली. त्याआधी ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, असा कारभार होता. न्यूयॉर्क यांकीज या श्रीमंत संघाने १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत चौदा वेळा आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. बाकीच्यांनी काय करायचे? त्यातच १९६४ मध्ये रिक रायकार्ट नावाच्या एका कॉलेजच्या मुलाला करारावर सही करण्यासाठी लॉस एंजेलिसच्या संघाने दोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम मोजली. एकही सामना न खेळलेल्या मुलाला एवढे पैसे! मालकांचे डोळे पांढरे झाले आणि पुढच्या वर्षी ड्राफ्ट सुरू झाला. नियम साधा होता. आदल्या वर्षी जो तळाला, त्याची पाळी आधी. जो दुबळा त्याला चांगला भिडू मिळावा, म्हणजे खेळात चुरस राहील. मुद्दाम हरून पहिली पाळी मिळवण्याचा मोह कुणाला होऊ नये म्हणून २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवतात. तळाच्या संघाला संधी जास्त, पण खात्री नाही.

आता कुणी म्हणेल, हे सारे अमेरिकेतले झाले, आपल्याला काय त्याचे? पण असा ड्राफ्ट आपल्याकडेही झालेला आहे आणि त्यातली एक निवड आजही लोक विसरलेले नाहीत.

मार्च २००८ मधली गोष्ट. विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या १९ वर्षांखालील संघाने क्वालालंपूरला दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आयपीएलचा पहिला हंगाम तोंडावर आला होता. मोठ्या खेळाडूंचा लिलाव फेब्रुवारीत झाला होता. या पोरांना मात्र लिलावात न घालता ड्राफ्टने वाटायचे ठरले. मानधन ठरलेले, बोली नाही. पहिली पाळी आली दिल्लीची. कोहली दिल्लीचाच मुलगा, जगज्जेत्या संघाचा कप्तान. दिल्लीने नाव घेतले प्रदीप सांगवानचे. तोही दिल्लीचाच, डावखुरा वेगवान गोलंदाज. कोहलीला मग बंगळूरने घेतले. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला, मनीष पांडे मुंबईकडे.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. कोहली आयपीएलमध्ये सर्वाधिक धावा काढणारा फलंदाज झाला, एकट्या २०१६ च्या हंगामात त्याने ९७३ धावा काढल्या, आणि २०२५ मध्ये बंगळूरने अहमदाबादला विजेतेपद मिळवले तेव्हाही तो त्याच संघात होता. सांगवानला भारताच्या मुख्य संघातून खेळण्याची संधी मिळाली नाही. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की लोक दिल्लीच्या कारभाऱ्यांना हसतात.

पण जरा थांबा. त्या दिवशी दिल्लीच्या खुर्चीत आपण बसलो असतो तर काय केले असते? त्यांच्याकडे फलंदाज होते सेहवाग, गंभीर, शिखर धवन, डिव्हिलियर्स, दिलशान. यात एकोणीस वर्षांचा कोहली कुठे बसणार? डावखुरा वेगवान गोलंदाज मात्र सहज मिळत नाही. त्यांनी संघातले भोक पाहिले आणि ते बुजवले. आणि पहिल्या हंगामाचा निकाल पाहिला तर ते चुकले असेही वाटत नव्हते. दिल्ली २००८ मध्ये उपांत्य फेरीत गेली. बंगळूर आठ संघांत सातवे आले. कोहलीने त्या हंगामात १३ सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी पंधराची. २००९ मध्ये तर साखळीत दिल्ली पहिली होती. दिल्लीची चूक दिसायला काही वर्षे जावी लागली.

इथेच सुरुवातीच्या पाळीचा पहिला पेच कळतो. आज ज्याची गरज आहे तो घ्यायचा की सगळ्यांत गुणी आहे तो?

अमेरिकेत याच पेचाची एक जुनी गोष्ट सांगतात. १९६६ चा ड्राफ्ट. न्यूयॉर्क मेट्स हा संघ तळाला होता, त्यामुळे पहिली पाळी त्यांची. त्यांना कॅचर हवा होता. आपल्याकडे यष्टिरक्षक असतो तसा बेसबॉलमध्ये कॅचर. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर घेतला. दुसरी पाळी कॅन्सस सिटीच्या अॅथलेटिक्स संघाची होती. त्यांनी घेतला रेजी जॅक्सन नावाचा कॉलेजचा फलंदाज. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. रेजी जॅक्सनने कारकिर्दीत ५६३ होम रन मारले. त्याचा संघ पुढे ओकलंडला गेला आणि १९७३ च्या अंतिम मालिकेत त्यांची गाठ नेमकी मेट्सशीच पडली. सात सामन्यांची मालिका ओकलंडने जिंकली आणि मालिकेचा मानकरी ठरला रेजी जॅक्सन. ज्याला सोडले त्यानेच सात वर्षांनी येऊन हिशेब चुकता केला!

तेव्हापासून तिकडचे जाणते लोक एक गोष्ट घोकून घोकून सांगतात. पहिल्या पाळीला गरज पाहू नका, गुण पाहा. याचे कारण साधे आहे. निवडलेला मुलगा काही उद्या मुख्य संघातून खेळणार नसतो. बेसबॉलमध्ये तो आधी खालच्या लीगमध्ये तीन-चार वर्षे घासून निघतो, मग वर येतो. आणि तोवर तुमची गरज बदललेली असते. आज ज्याच्यामुळे जागा भरलेली वाटते, तो उद्या म्हातारा होतो, जखमी होतो किंवा संघ सोडतो. दिल्लीच्याच फलंदाजांचे पाहा. धवन आणि डिव्हिलियर्स पुढे दुसऱ्या संघांत गेले. भोक आजचे असते आणि मुलगा उद्याचा.

पण ‘सगळ्यांत गुणी’ म्हणजे कोण, हे तरी कुठे सोपे आहे? दुसरा पेच तिथे येतो. तयार घ्यायचा की कच्चा? कॉलेजात तीन वर्षे खेळलेला एकवीस वर्षांचा मुलगा बराचसा कळलेला असतो. त्याची झेप किती याचा अंदाज येतो. सतरा-अठरा वर्षांचा शाळकरी मुलगा म्हणजे अर्धे चित्र. तो फार मोठा होऊ शकतो किंवा काहीच होऊ शकत नाही.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. रोपवाटिकेत कलमे घ्यायला गेलो की नवखा माणूस उंच, हिरवीगार, लुसलुशीत कलमे उचलतो. जाणता माणूस खाली वाकून बुंधा पाहतो, डोळा कुठे भरला आहे ते पाहतो, मुळे पाहतो, कलम कोणत्या बागेच्या डोळ्याचे आहे ते विचारतो. कारण व्यापारी फळ धरायला पाचवे-सहावे वर्ष उजाडते. तोवर पाणी, खत, राखण सगळे आपल्याच अंगावर. आज उंची पाहून फसलो तर ते कळायला पाच वर्षे लागतात आणि ती पाच वर्षे परत मिळत नाहीत. पहिली पाळी असणाऱ्या संघाचे असेच असते. फरक इतकाच, की आपण शंभर कलमे लावतो, म्हणून दहा वाळली तरी बाग उभी राहते. त्यांच्या हातात पहिल्या पाळीचे कलम एकच असते.

म्हणून काही संघांनी तिसरा मार्ग काढला. एका कलमावर सगळे पैसे घालायचे नाहीत. हा मार्ग नीट समजण्यासाठी ह्यूस्टनच्या संघाचे उदाहरण घेऊ. कारण २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिली पाळी त्यांचीच होती. तेव्हा हा संघ फार वाईट खेळत होता. हंगामात १६२ सामने असतात. त्यांतले शंभराहून जास्त सामने ते २०११ पासून सलग तीन वर्षे हरले.

२०१२ पासून ड्राफ्टमध्ये पैशाचा नवा नियम आला. सुरुवातीच्या फेऱ्यांतल्या प्रत्येक पाळीला एक रक्कम ठरवून दिली आणि त्यांची बेरीज म्हणजे त्या संघाची थैली. थैलीच्या बाहेर फार खर्च केला तर दंड आणि पुढच्या पाळ्याही जाणार. पण थैलीच्या आत कुणाला किती द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ह्यूस्टनच्या पहिल्या पाळीची रक्कम होती ७२ लाख डॉलर. त्यांनी पोर्तो रिकोचा कार्लोस कोरेया हा सतरा वर्षांचा मुलगा घेतला आणि त्याच्याशी ४८ लाखांवर सौदा केला. मुलगाही खूश, कारण पहिला क्रमांक मिळाला. वाचले २४ लाख. त्यातून त्यांनी ४१ व्या पाळीला लान्स मॅकलर्स नावाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, घेतला. हा मुलगा जास्त पैसे मागत होता म्हणून बाकीचे संघ त्याला सोडत गेले होते. वाचवलेल्या पैशांतून ह्यूस्टनने त्याला २५ लाख दिले. म्हणजे एका पाळीच्या पैशात दोन उत्तम कलमे.

पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, पुन्हा पहिली पाळी. या वेळी त्यांनी सुरक्षित वाटणारा मार्ग धरला. मार्क अपेल हा कॉलेजचा, बराचसा तयार पिचर घेतला. दुसऱ्या पाळीला शिकागोने क्रिस ब्रायंट घेतला. ब्रायंट २०१६ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि शिकागोने त्याच वर्षी जगज्जेतेपद मिळवले. अपेलच्या वाट्याला दुखापती आल्या. त्याने मध्ये खेळही सोडला आणि मोठ्या लीगमध्ये त्याचे पाऊल पडले ते थेट २०२२ मध्ये, तेही दुसऱ्याच संघाकडून. म्हणजे माणसे तीच, अभ्यास तोच, संगणकही तेच. एका वर्षी साधले, दुसऱ्या वर्षी हुकले.

२०१४ मध्ये चौथा मार्ग दिसला. निवडायचे, पण जमले नाही तर सोडून द्यायचे. त्या वर्षी ह्यूस्टनने ब्रेडी एकन हा शाळकरी डावखुरा पिचर घेतला. वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका आली. संघाने रक्कम कमी केली, मुलाने नाही म्हटले आणि करार मोडला. नियम असा, की पहिल्या फेरीतला मुलगा करार न करता गेला तर संघाला पुढच्या वर्षी एक पायरी खालची पाळी मिळते. त्याप्रमाणे २०१५ मध्ये ह्यूस्टनला दुसरी पाळी मिळाली आणि तिच्यावर त्यांनी अॅलेक्स ब्रेगमन घेतला. तो मोठा खेळाडू झाला. एकनच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि तो वर येऊ शकला नाही.

वरवर पाहता संघाचे सगळे छान झाले. कोरेया, मॅकलर्स आणि ब्रेगमन हे तिघेही २०१७ मध्ये जगज्जेत्या ठरलेल्या ह्यूस्टनच्या संघात होते. त्या विजेतेपदावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग पुढे लागला, हेही सांगितले पाहिजे. पण मला त्या २०१४ च्या हकिकतीतली एक बारीकशी गोष्ट जास्त लागते. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलेल्या आणखी एका मुलाशी ह्यूस्टनचे १५ लाख डॉलरवर ठरले होते. एकनचा करार मोडल्याबरोबर त्याच्या नावाची रक्कम थैलीतून गेली. मग या मुलाला द्यायला पैसे उरले नाहीत आणि त्याचाही करार बारगळला. पोराचा काही दोष नाही. त्याने दाद मागितली, तडजोड झाली आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या संघाने त्याला घेतले. तो वरपर्यंत खेळलाही. पण वरच्या पाळीचा निर्णय खाली कुणाच्या अंगावर पडतो, याचा विचार टेबलाभोवती बसलेले लोक फार करत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, यातला खरा मार्ग कोणता? माझे उत्तर असे आहे की अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल कुणालाही फारसे कळत नाही. हे आधी कबूल करणारा संघ कमी चुकतो. माइक ट्राउट हा आजच्या काळातला थोर खेळाडू. २००९ मध्ये तो पंचविसाव्या पाळीला गेला. गंमत अशी की चोविसावी पाळीही त्याच संघाची होती आणि त्यांनी तेव्हा दुसऱ्याच मुलाचे नाव घेतले होते. माइक पियाझाला १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत कुणीतरी घेतले. त्याच्या आधी १३८९ मुलांची नावे पुकारली गेली होती. पुढे तो बेसबॉलच्या थोरांच्या यादीत जाऊन बसला.

आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. विजय झोल हा आपला मुलगा. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा काढल्या, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. २०१२ च्या जगज्जेत्या १९ वर्षांखालील संघात तो होता. पुढे त्याच वयोगटाच्या भारतीय संघाचा कप्तान झाला. जानेवारी २०१४ मध्ये शारजाला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने शतक ठोकले आणि चषक आणला. बंगळूरच्या आयपीएल संघातही त्याचे नाव आले. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आम्ही त्या दिवसांत क्रिकेटसाठी वापरू लागलो होतो. विजयच्या हाताखाली त्या २०१४ च्या संघात कोण कोण खेळत होते? संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव. हे तिघे पुढे भारताच्या मुख्य संघातून खेळले, कप्तानाला ती टोपी मिळाली नाही. त्या वर्षी या चौघांतून एकच निवडा असे कुणी सांगितले असते, तर बहुतेकांनी कप्तानाचेच नाव घेतले असते. आणि त्या दिवशी जे दिसत होते त्यावरून ती निवड चुकीची ठरली नसती. विजयने आमच्या गल्लीबोळांतल्या पोरांना दाखवून दिले की इथूनही तिथवर जाता येते. हेही काही थोडे नाही.

म्हणून निकाल पाहून निवडीला हसू नये. निवड करताना नीट पाहिले का, विचारले का, एवढेच तपासावे.

हे मी सांगतो आहे, पण मला ते अनुभवानेच कळले. एका वर्षी माझ्या शाळेचा चौदा वर्षांखालील क्रिकेट संघ तालुका स्पर्धेला जायचा होता. सोळा नावे द्यायची होती. पंधरा ठरली. सोळाव्या नावासाठी दोन मुले होती. एक यष्टिरक्षण करायचा, बेताचेच. पण आमच्या यष्टिरक्षकाचे बोट दुखावले होते, म्हणून दुसरा हाताशी असावा असे मला वाटले. दुसरा मुलगा उंच, सडपातळ, फलंदाज. त्याला पायांची हालचाल यायची नाही, पण चेंडू बॅटवर आला की आवाज वेगळा यायचा. मी फलंदाज पुष्कळ आहेत म्हणून यष्टिरक्षकाचे नाव लिहिले. दिल्लीने जे केले तेच. तेव्हा आयपीएल वगैरे काही नव्हते.

तो मुलगा ऊसतोड करणाऱ्या घरातला होता. दिवाळीनंतर त्याचे आईवडील कारखान्याकडे जात. त्या वर्षी तो त्यांच्याबरोबर गेला. जाण्याआधी मैदानावर येऊन म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी येतो.” पुढच्या वर्षी तो आला नाही. मला नंतर कळले, की संघात नाव आले असते तर त्याची मावशी त्याला गावात ठेवून घ्यायला तयार होती. घरात तसे बोलणे झाले होते. मला ते कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या यष्टिरक्षकाचे बोट स्पर्धेच्या आधीच बरे झाले. सोळावा मुलगा एकाही सामन्यात उतरला नाही.

बऱ्याच वर्षांनी बसस्थानकावर एक माणूस पुढे आला आणि पाया पडला. ओळख त्यानेच दिली. तोच तो मुलगा, आता स्वतःची टोळी घेऊन जाणारा मुकादम. घरचे बरे चालले होते. बोलता बोलता त्याने विचारले, “सर, त्या वर्षी आपला संघ कुठवर गेला होता?” मी म्हणालो, “पहिल्याच सामन्यात हरलो रे.” तो हसला. म्हणाला, “मला वाटलं होतं, जिल्ह्यापर्यंत गेला असाल.” त्याची बस लागली आणि तो गेला.

तो मोठा खेळाडू झाला असता असे मी म्हणत नाही. बहुधा झाला नसता. पण शाळेत आणखी दोन-तीन वर्षे राहिला असता, एवढे नक्की. अमेरिकेतल्या त्या शाळकरी मुलाला ड्राफ्टमध्ये मनासारखे पैसे मिळाले नाहीत तर तो नाही म्हणू शकतो, कॉलेजात जाऊ शकतो, तीन वर्षांनी पुन्हा ड्राफ्टला उभा राहू शकतो. ‘संघापुढचे मार्ग’ असे आपण म्हणतो तेव्हा मुलापुढेही मार्ग असतात, हे तिथे गृहीत असते. आमच्या मुलापुढे दुसरा मार्ग कोयता होता. मग इथे नाव लिहिणाऱ्याने किती जपून लिहायला हवे!

त्यानंतर मी तीन गोष्टी पाळल्या. पहिली, शेवटची जागा कधी गरजेसाठी भरली नाही. ज्याच्यात वाढायला जागा दिसेल त्याला ती दिली. दुसरी, यादी लावण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आलो. दिवाळीनंतर कोण गावात राहणार, कोण जाणार, हंगामी वसतिगृहात कुणाची सोय होईल, हे विचारून घेतले. कलमाची उंची पाहण्याआधी मुळे पाहावीत, तसे. आणि तिसरी, एक वही ठेवली. तिच्यात न निवडलेल्या मुलांची नावे लिहिली आणि पुढच्या वर्षी सरावाला सर्वांत आधी त्यांनाच बोलावले. त्या वहीतल्या काही मुलांनी पुढे शाळेला जिल्ह्यापर्यंत नेले. काहींनी नेले नाही. पण ती मैदानावर दिसत राहिली.

मोठ्या संघांनाही अखेर हेच करावे लागते. पहिल्या पाळीला गुण पाहावा, आजचे भोक पाहू नये. एकावरच सगळी थैली रिकामी करू नये. जमत नसेल तर सोडण्याचे धाडस ठेवावे, पण सोडताना त्याचा भार कुणा तिसऱ्यावर पडत नाही ना, ते पाहावे. आणि एवढे करूनही चुकण्याची तयारी ठेवावी.

२०२२ मध्ये पुण्याला बालेवाडीत झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेसाठी सहा संघांनी आपली मुले ड्राफ्टनेच निवडली. लिलाव असोत, ड्राफ्ट असोत, हे आता आपल्या मातीतल्या खेळांतही येत राहणार. तुमच्या गावातला एखादा मुलगा उद्या त्या यादीत असेल. त्याचे नाव पहिल्यांदा पुकारले गेले तर पेढे वाटा. नाही पुकारले गेले तर संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि उद्या मैदानावर किती वाजता यायचे ते त्याला सांगून या.